पार्टिशनचा आवाजरोध मोजताना या चुका टाळा

पलीकडच्या खोलीत मीटरने दाखवलेला सगळा आवाज भिंतीतूनच आला, असं धरून चालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. दोन मीटिंग रूममधलं पार्टिशन मोजणीत नापास झालं म्हणून जिप्सम बोर्ड उतरवायची तयारी सुरू होती, तेव्हा मला बोलावलं. आधीच्या मोजणीत २००० हर्ट्झला इकडे, स्पीकरच्या खोलीत, ८५ डेसिबल, तिकडे ३७, फरक ४८. मी स्पीकर बंद केला, तरी तिकडे मीटर ३६ वरच. एसी चालू होता! तो बंद करून पुन्हा मोजलं तर २९. म्हणजे फरक ५६, आणि भिंत निर्दोष. एका मिनिटाच्या आळसापायी चांगलं काम फोडलं जाणार होतं, याचा मला आजही राग येतो.

पलीकडच्या खोलीत स्पीकर चालू असतानाची पातळी पार्श्व आवाजापेक्षा, म्हणजे स्पीकर बंद असतानाही तिथे असलेल्या आवाजापेक्षा, १० डेसिबलहून जास्त हवी. फरक ६ ते १० असेल तर आकड्यात दुरुस्ती करता येते. ६ पेक्षा कमी असेल तर आयएसओ १६२८३-१ या आवाजरोध मोजणीच्या मानकाप्रमाणे फक्त १.३ डेसिबल वजा करायचे आणि भिंत निदान एवढी तरी अडवते, असं अहवालात लिहायचं. मी पार्श्व आवाज सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा घेतो. एसी मधेच सुरू होतो.

निनादकाळ, म्हणजे आवाज थांबल्यावर तो खोलीत ६० डेसिबलने विरायला लागणारा वेळ, न मोजता नुसती वजाबाकी करून अहवाल देणारे नवशिके तर फार. रिकाम्या खोलीचा निनादकाळ २ सेकंद असेल, तर ०.५ सेकंदाच्या प्रमाण खोलीपेक्षा तिथली पातळी ६ डेसिबल वर जाते. मोबाइल ॲपसमोर टाळी वाजवून काढलेला आकडा मी स्वीकारत नाही.

फटी आधी शोधा. ९ चौरस मीटरच्या पार्टिशनमधल्या ९० सेंटिमीटर रुंद दाराखाली १ सेंटिमीटर फट असली, की भिंत कितीही जाड करा, हिशेब ३० डेसिबलच्या आसपास अडकतो. मी एका बाजूला अंधार करून दुसरीकडून टॉर्च मारतो. छतावरून आणि डक्टमधून येणारा आवाज मात्र असा दिसत नाही, तिथे कान लावावा लागतो.

मायक्रोफोन भिंतीपासून निदान अर्धा मीटर आणि स्पीकरपासून एक मीटर लांब ठेवा. वेगवेगळ्या जागी आलेल्या आकड्यांची सरासरी ध्वनिऊर्जेवर काढा: ८० आणि ९० डेसिबलची सरासरी ८५ नव्हे, ८७.४ येते. कॅलिब्रेटर (ठरावीक पातळीचा आवाज देऊन मीटर तपासणारं उपकरण) मोजणीआधी लावा आणि नंतरही.