जेझुइट फादरांच्या शाळेचा इतिहास लिहायचा तर

बेळगाव-खानापूर भागातल्या एखाद्या मिशनच्या शाळेचा महोत्सव जवळ आला की स्मरणिका समिती बसते आणि इतिहासाचं पान कोण लिहिणार हा प्रश्न निघतो. मग मागच्या स्मरणिकेतला मजकूर उतरवून त्याला दोन परिच्छेद जोडले जातात, आणि जुनी चूक नव्या कागदावर छापली जाते. ते टाळायचं तर फाटकावरच्या सालापासून सुरुवात करू नका. कोणत्या वर्षी शाळा कुणाच्या हाती होती, हे आधी ठरवा. चालवणारे जिथे गेले, तिथेच कागदही गेलेले असतात.

सगळे फादर एका व्यवस्थेतले नसतात. धर्मप्रांताचे फादर बिशपांच्या अधिकाराखाली, तर एखाद्या संन्यस्त संघाचे फादर आपल्या प्रोव्हिन्शियलच्या, म्हणजे संघाच्या प्रांतप्रमुखाच्या. नावापुढे एस. जे. असेल तर ते येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट. बेळगाव कॅम्पातलं १८५६ सालचं सेंट पॉल्स या संघाचं. धर्मप्रांताच्या शाळेचे कागद बिशप हाऊसमध्ये मागावेत. संघाच्या शाळेसाठी आधी तिथल्या रेक्टरना (तिथल्या फादरांच्या प्रमुखांना) आणि मग प्रोव्हिन्शियलच्या कार्यालयातल्या अभिलेखागाराला लिहावं. पत्रात ‘शाळेची सगळी माहिती हवी’ असं लिहू नका. ‘१९१० ते १९१५ या काळात इथे कोण नेमलेले होते’ असं पाच-पाच वर्षांचे टप्पे पाडून विचारा, म्हणजे शोधणाऱ्यालाही सोपं जातं. फादरांच्या वैयक्तिक फायली सहसा उघडल्या जात नाहीत, त्यामुळे त्यांच्याऐवजी मृत्युलेख मागा. त्यात नेमणुका क्रमाने दिलेल्या असतात.

लिहायला बसण्याआधी मोठा कालपट समोर ठेवा. पोप तिसरे पॉल यांनी येशूसंघाला १५४० मध्ये मान्यता दिली. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरले. सिसिलीतल्या मेस्सिनाचं संघाचं कॉलेज १५४८ चं, आणि संघाच्या सगळ्या शाळांसाठीचा अभ्यासक्रम, ‘रातिओ स्तुदिओरुम’, पक्का झाला १५९९ मध्ये. १७५९ मध्ये पोर्तुगालने आपल्या मुलखातून, म्हणजे गोव्यातूनही, जेझुइटांना हाकललं. १७७३ मध्ये पोपनी संघच बरखास्त केला आणि १८१४ मध्ये तो पुन्हा उभा राहिला.

या मधल्या खंडाकडे दुर्लक्ष झालं की सर्वात मोठी चूक होते. गोव्यातही सेंट पॉल नावाचं जेझुइट कॉलेज होतं आणि १५५६ मध्ये तिथे छापखाना सुरू झाला. बेळगावचं सेंट पॉल्सही त्याच नावाचं, म्हणून दोघांची सांगड घालून ‘चारशे वर्षांची परंपरा’ लिहिण्याचा मोह होतो. तो आवरा. गोव्यात छापखाना चालू होता तेव्हा बेळगाव आदिलशाहीत होतं. इथली शाळा एकोणिसाव्या शतकातली, ब्रिटिश छावणीच्या काळातली. तिचा स्वतःचा इतिहास पुरेसा समृद्ध आहे, त्याला उसनं वय लावायची गरज नाही.

एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुणे मिशन संघाच्या जर्मन प्रांताकडे आलं. म्हणून त्या काळातल्या फादरांची नावं जर्मन प्रांताच्या वार्षिक कॅटलॉगमध्ये शोधायची. हा कॅटलॉग लॅटिनमध्ये असतो. त्यात संघाच्या प्रत्येक घरागणिक, म्हणजे फादरांच्या निवासागणिक, नावं आणि कामं दिलेली असतात, मागच्या यादीत जन्म आणि संघप्रवेशाच्या तारखा. मुखपृष्ठावर ‘इनेउन्ते आन्नो १८९०’ असेल तर ती १८९० च्या आरंभीची स्थिती, म्हणजे बदली बहुधा १८८९ मध्येच झालेली. नावांचीही लॅटिन रूपं असतात. कॅटलॉगमधला हेन्रिकुस घरचा हाइनरिख, आणि शाळेच्या इंग्रजी कागदांत तोच फादर हेन्री. हे ओळखलं नाही तर एका माणसाचे तीन मुख्याध्यापक होतात. जन्मतारीख आणि संघप्रवेशाची तारीख जुळली, तरच माणूस एक समजा.

चर्चच्या स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) नोंदवहीत ‘७ब्रिस’ असं दिसलं तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. ‘८ब्रिस’ ऑक्टोबर, ‘९ब्रिस’ नोव्हेंबर, आणि रोमन दहाचं चिन्ह असेल तर डिसेंबर. हे अंक जुन्या रोमन महिन्यांच्या क्रमाचे आहेत. एवढं एक न कळल्याने तारखा दोन महिन्यांनी घसरतात.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने जर्मन जेझुइटांना नजरकैदेत टाकलं आणि मायदेशी परत पाठवलं. त्यामुळे १९१४ ते १९२० या वर्षांत नावं अचानक बदलतात. तिथे ‘बदली झाली’ असं सरसकट लिहू नका, कारण तपासा.

सरकारी कागदांना सीमाभागाचा फटका बसलेला आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबईकडे होतं, तेव्हा शिक्षणखात्याचा जुना पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात बघायचा, त्यानंतरचा कर्नाटकात. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगाव खंड (१८८४) त्या वेळच्या शाळांसाठी चांगला दुजोरा देतो. चर्चच्या बाजूने १९५३ हे वर्ष महत्त्वाचं. बेळगाव धर्मप्रांत तेव्हा गोवा आणि पुणे यांच्या प्रदेशांतून निघाला, म्हणून त्याआधीचे कागद त्या दोन्हीकडे शोधावे लागतात. जमिनीचे जुने खरेदीखत मोडीत असलं तर मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या, अंदाजाने वाचू नका. कॅम्पातली जागा असेल तर लष्करी जमिनींची नोंदवही वेगळी असते, तिथे पहाणी पत्रक (महसूल खात्याचा जमिनीचा उतारा) मिळत नाही.

शाळेत पहिलं मागायचं ते जनरल रजिस्टर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची नोंदवही. फोटो काढताना एका चौकटीत एकच पान, शेजारी रजिस्टरचं नाव आणि पान क्रमांक लिहिलेली चिठ्ठी. उजेड खिडकीचा, फ्लॅश बंद, कारण शाईच्या फिक्या ओळी फ्लॅशने उडतात. जुनी बांधणी सपाट उघडायला जोर लावू नका, पाठ तुटते.

माजी विद्यार्थ्यांना सालं विचारू नका. ‘तुम्ही सातवीत असताना प्रिन्सिपल कोण?’ असं विचारा, आणि सातवीचं वर्ष रजिस्टरवरून काढा.

शेवटी वहीत चार रकाने आखा: साल, घटना, कशावरून, दुजोरा. जुनी स्मरणिका दुजोऱ्याच्या रकान्यात कधीच येत नाही, कारण ती बहुधा तिच्या आधीच्या स्मरणिकेवरूनच उतरवलेली असते. ज्या ओळीचा चौथा रकाना रिकामा राहील, ती छापताना ‘असे सांगितले जाते’ या शब्दांसह द्या. भरलेली वही आणि फोटोंची एक प्रत शाळेच्या वाचनालयात, दुसरी संघाच्या अभिलेखागारात ठेवा.