चाऱ्याच्या मक्यात धाटातील साखरेची आनुवंशिकता कशी तपासावी

मक्याच्या धाटातील गोडी अनेक जनुकांच्या लहान-लहान परिणामांतून घडते आणि तिच्यावर हवामानाचाही प्रभाव पडतो. म्हणून गोड आढळलेले झाड निवडण्यापूर्वी त्या गोडीचा किती भाग संततीत उतरतो, हे आधी मोजावे.

धाटात जास्त साखर असलेली एक आणि कमी साखर असलेली एक, अशा दोन शुद्ध ओळींचा (सतत स्वपरागीभवनाने ज्यांची झाडे जनुकीयदृष्ट्या एकसारखी झाली आहेत अशा वाणांचा) संकर करावा. पुढील हंगामात या संकरातून आलेल्या पहिल्या, म्हणजे एफ१ पिढीच्या स्वपरागीभवनातून एफ२ आणि दोन्ही पालकांशी केलेल्या प्रतिसंकरांतून बी१ व बी२ पिढ्या मिळवाव्यात. त्यानंतर सहाही पिढ्या (दोन पालक, एफ१, एफ२, बी१ व बी२) एकाच शेतात, एकाच हंगामात पेराव्यात. पालक व एफ१ यांची झाडे जनुकीयदृष्ट्या एकसारखी असल्याने प्रत्येकी ३० झाडे पुरतात. एफ२ची मात्र २०० तरी घ्यावीत.

मोजणीत सर्वाधिक काळजी कणसाची घ्यावी लागते. दाणे नीट भरले नाहीत, तर त्यांच्याकडे जाणारी साखर धाटातच साठते आणि वांझ झाड विनाकारण गोड ठरते. अशी झाडे माझ्या मते हिशेबातून वगळलीच पाहिजेत. लवकर व उशिरा फुलणाऱ्या झाडांची एकाच तारखेला तुलना करणेही चुकीचे आहे. प्रत्येक झाडाला स्त्रीकेसर आल्याचा दिवस नोंदवून तेथून ठरावीक दिवसांनी, दिवसाच्या ठरावीक वेळी, कणसाखालच्या त्याच क्रमांकाच्या पेरातील रस काढावा. रसातील विरघळलेले पदार्थ मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आधी ऊर्ध्वपातित पाण्यावर शून्याला आणावा. त्यावर दिसणाऱ्या ब्रिक्सच्या (विरघळलेल्या पदार्थांच्या टक्केवारीच्या) आकड्यात साखरेशिवाय इतर विरघळलेले पदार्थही येतात, म्हणून काही नमुन्यांची साखर प्रयोगशाळेत पडताळावी.

आता प्रत्येक पिढीचे प्रचरण, म्हणजे झाडांची मोजमापे सरासरीभोवती किती विखुरली आहेत ते दाखवणारी संख्या, काढावे. एफ२च्या प्रचरणाच्या दुपटीतून बी१ आणि बी२ यांच्या प्रचरणांची बेरीज वजा करून उरलेल्या संख्येला एफ२च्या प्रचरणाने भागले, की संकुचित अर्थाची आनुवंशिकता, म्हणजे झाडाझाडांतील फरकाचा निवडीतून संततीत उतरणारा भाग, मिळते. उदाहरणार्थ, एफ२चे प्रचरण ४.०, बी१चे २.६ आणि बी२चे २.८ असेल, तर उत्तर ०.६५ येते. निवडलेली झाडे सरासरीपेक्षा २ ब्रिक्सने गोड असतील आणि त्यांचाच आपसांत संकर झाला, तर पुढील पिढीत सुमारे १.३ ब्रिक्सची वाढ अपेक्षित धरता येते.

अडचण अशी की साखर फुलोऱ्यानंतर मोजली जाते आणि तोपर्यंत परागीभवन होऊन गेलेले असते. केवळ मादीकडून निवड झाल्यास लाभ निम्म्यावर, म्हणजे ०.६५ ब्रिक्सवर येतो. यासाठी निवडीच्या पिढीत शक्य तितक्या झाडांचे स्वपरागीभवन करावे, धाट न कापता बारीक छिद्रातून रस घ्यावा आणि गोड ठरलेल्या झाडांच्या बियाण्यापासून पुढील हंगामात आपसांतील संकर करावेत. प्रत्येक फेरीत हिरव्या चाऱ्याचे उत्पादन व कणसाचे वजनही नोंदवावे, कारण धाटातील साखर वाढताना कणसातील स्टार्च घटत असेल, तर मुरघासाच्या एकूण ऊर्जेत भर पडलेली नसते.