घरी दोन फायबर लाइन असतील तर दोन्हींचा पूर्ण वेग कसा घ्यावा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात एकाच घरात दोन फायबर कनेक्शन घेणारे आता कमी नाहीत. एक मोठ्या कंपनीचे, दुसरे भागातल्या केबलवाल्याचे. घरून काम करणाऱ्याला एका लाइनवर विसंबून चालत नाही, म्हणून दुसरी घेतली जाते. पण बहुतेक घरांत दोन बॉक्स (फायबर जिथे येऊन संपते ते कंपनीचे यंत्र), दोन वायफायची नावे आणि एक बंद पडले की मोबाइलवर दुसरे निवडायचे, एवढाच त्यांचा उपयोग होतो. दुसऱ्या लाइनचे पैसे महिनाभर वाया जातात.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. १०० एमबीपीएसच्या दोन लाइन जोडल्या म्हणून एकच फाइल २०० च्या वेगाने उतरत नाही. घरभर नेट वाटून देणारा राउटर प्रत्येक जोडणी (एखाद्या ॲपचा किंवा साइटचा एक संवाद) कुठल्या तरी एका लाइनवर पाठवतो आणि ती संपेपर्यंत तिथेच ठेवतो. फायदा होतो तो एकाच वेळी अनेक जोडण्या चालू असतात तेव्हा: एका खोलीत मीटिंग, दुसरीत टीव्ही, मोबाइलवर अपडेट. टोरंट आणि डाउनलोड मॅनेजर एकाच फाइलसाठी अनेक जोडण्या उघडतात, म्हणून त्यांनाही दोन्ही लाइनचा वेग मिळतो. एकाच जोडणीला दोन्हींचा वेग हवा असेल तर इंटरनेटवर पलीकडे दोन्ही प्रवाह एकत्र करणारा सर्व्हर लागतो. त्याचे भाडे वेगळे आणि व्यापही वेगळा. घराला त्याची गरज सहसा पडत नाही.

दुसरी लाइन घेण्याआधी खांब बघा. दोन्ही फायबर हेस्कॉमच्या (इथल्या वीज कंपनीच्या) त्याच खांबांवरून येत असतील तर वळवाच्या वाऱ्यात एक फांदी पडली की दोन्ही एकदम जातात. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात तर हे ठरलेलेच. एक लाइन पुढच्या रस्त्याने, दुसरी मागच्या बोळातून, असे होते का ते विचारा. केबलवाला त्याच मोठ्या कंपनीची बँडविड्थ (नेटची क्षमता) पुढे विकतो का, हेही विचारा. तसे असेल तर मूळ कंपनीचे नेटवर्क बंद पडल्यावर दोन्ही लाइन बंद.

मग एकेक लाइन वेगवेगळी तपासा. वायफायवर नको. लॅपटॉप केबलने थेट बॉक्सला लावा आणि वेग मोजा. एकदा सकाळी, एकदा रात्री आठ ते दहाच्या दरम्यान, कारण गर्दीच्या वेळी लाइन किती देते हेच महत्त्वाचे. प्लॅन १५० किंवा २०० चा असून आकडा ९४-९५ वरच अडकत असेल तर लाइनला दोष देऊ नका. बॉक्सचा पोर्ट १०० चा आहे, किंवा लॅन केबलच्या आठ तारांपैकी चारच जोडल्या आहेत, किंवा एखादी तार तुटली आहे. कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल लावा. बॉक्सला पोर्ट अनेक असतील तर त्यातला गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) कोणता ते लेबलवर बघा, कधी कधी एकच असतो.

वेग खालीवर होत असेल तर बॉक्सच्या सेटिंग पानावर ऑप्टिकल पॉवर, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघा. तिथे ‘आरएक्स पॉवर’च्या पुढे उणे आकडा असतो. उणे २० च्या आसपास असेल तर उत्तम. उणे २५ च्या पलीकडे गेला तर केबलवाल्याला बोलवा, उणे २७ पलीकडे लाइन तुटतुट होणारच. कारण बहुधा घरातच सापडते: दाराच्या चौकटीवर खिळ्याला आवळलेली फायबर, कपाटामागे दबलेला वळसा, नाहीतर धूळ बसलेले हिरवे टोक. ते टोक शर्टाने पुसू नका, त्याने ओरखडे पडतात. चालू फायबरच्या टोकात डोकावूनही बघू नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

राउटर दोन वॅनचा, म्हणजे बाहेरच्या दोन लाइन लावायला दोन पोर्ट असलेला हवा. कंपनीने दिलेल्या बॉक्सला हे काम जमत नाही. टीपी-लिंकचा ईआर६०५ घरासाठी पुरेसा आहे. मायक्रोटिकचा हेक्सही चालतो, पण त्याची मांडणी शिकावी लागते. सगळे पोर्ट गिगाबिट आहेत याची खात्री करा. ईआर६०५ ला वायफाय नाही, त्यामुळे वायफायसाठी वेगळा ॲक्सेस पॉइंट (केबलने आलेले नेट वायफायवर देणारे यंत्र) लागेल. घरातला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकला तरी भागते.

पत्त्यांची टक्कर टाळा. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. दोन्ही बॉक्सचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर राउटरला दोन वॅन एकाच नेटवर्कवर दिसतात आणि एक लाइन चालतच नाही. जमत असेल तर कंपनीकडून बॉक्स ब्रिज मोडवर (बॉक्स फक्त सिग्नल पुढे देतो, राउटरचे काम करत नाही) करून घ्या आणि पीपीपीओईचे, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कवर लॉगिन करण्याचे नाव, पासवर्ड व व्हीलॅन क्रमांक (त्या लाइनच्या वाहतुकीला कंपनीने दिलेला क्रमांक) लिहून घ्या. मग लॉगिन तुमचा राउटर करतो. कंपनी ब्रिज देत नसेल तरी अडत नाही. एका बॉक्सचा पत्ता १९२.१६८.१.१ ठेवा, दुसऱ्याचा १९२.१६८.२.१ करा आणि तुमच्या राउटरला १९२.१६८.१०.१ द्या. दोन्ही बॉक्सचे वायफाय बंद करा, नाहीतर घरातले मोबाइल राउटरला वळसा घालून थेट बॉक्सवर जातील.

आता राउटरमध्ये. ईआर६०५ मध्ये आधी वॅन मोडच्या पानावर दुसरा पोर्ट वॅन म्हणून निवडा. राउटर एकदा बंद होऊन चालू होतो. प्रत्येक वॅनच्या पानावर अपस्ट्रीम (पाठवण्याची) आणि डाउनस्ट्रीम (उतरवण्याची) बँडविड्थ भरा, ती केबीपीएसमध्ये असते: २०० एमबीपीएस म्हणजे २०००००. हे आकडे तसेच सोडले तर राउटर २०० आणि ५० ची लाइन सारखीच समजतो, निम्म्या जोडण्या ५० वाल्या लाइनवर ढकलतो आणि घरात ‘नेट स्लो आहे’ अशी ओरड सुरू होते. प्लॅनचा आकडा नको, रात्री मोजलेला भरा. त्यानंतर लोड बॅलन्सिंग (जोडण्या दोन्ही लाइनवर वाटण्याची सोय) चालू करा.

लाइन जिवंत आहे का हे तपासणारे ऑनलाइन डिटेक्शन विसरू नका. पिंगसाठी (उत्तर येते का आणि किती वेळात येते, हे बघणारा छोटा संदेश) बॉक्सचा पत्ता देऊ नका. बाहेर फायबर तुटली तरी बॉक्स उत्तर देतच राहतो आणि राउटरला वाटते सगळे ठीक आहे. इंटरनेटवरचे सार्वजनिक पत्ते द्या: एका लाइनला ८.८.८.८, दुसरीला १.१.१.१. डीएनएसलाही (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) हेच दोन पत्ते ठेवा, कारण काही कंपन्यांचा डीएनएस फक्त त्यांच्याच नेटवर्कवरून आलेल्याला उत्तर देतो. सुरुवातीला लॅनवरचे (घरातल्या नेटवर्कवरचे) आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, बंद ठेवा. बरेच राउटर फक्त आयपीव्ही४ (जुनी पद्धत) दोन लाइनवर वाटून देतात, मग निम्मी वाहतूक एकाच लाइनवर राहते आणि कारण सापडत नाही.

बँकेच्या साइटवर मध्येच लॉगआउट होत असेल तर कारण हे: एक जोडणी एका लाइनने गेली, दुसरी दुसरीने, बँकेला दोन वेगळे पत्ते दिसले. ‘ॲप्लिकेशन ऑप्टिमाइज्ड राउटिंग’ चालू करा, म्हणजे एका ॲपच्या जोडण्या एकाच लाइनवर राहतात. तरीही त्रास झाला तर पॉलिसी राउटिंगने (कोणते उपकरण कोणत्या लाइनने जाईल हे ठरवणारा नियम) ऑफिसचा लॅपटॉप एका लाइनला बांधून टाका. ती बंद पडली की दुसरीवर जाईल अशीच सेटिंग ठेवा. कोणती लाइन बांधायची? आपला भाग मुंबई आणि बेंगळुरूच्या मध्ये आहे, त्यामुळे एका कंपनीची वाहतूक मुंबईत बाहेर पडते तर दुसरीची दक्षिणेत, असे होऊ शकते. ऑफिसच्या सर्व्हरला दोन्ही लाइनवरून पिंग करा आणि जिचा आकडा कमी आणि स्थिर, ती निवडा.

तपासणी. केबल लावलेल्या लॅपटॉपवर फास्ट डॉट कॉम उघडा, सेटिंगमध्ये समांतर जोडण्या वाढवा आणि मोजा. बेरजेच्या जवळचा आकडा यायला हवा. मग वेग मोजताना एका बॉक्सची फायबर नव्हे, लॅन केबल काढा. थोडा अडखळून नेट चालू राहिले पाहिजे. शेवटी बॉक्सला वीज ठेवून फक्त फायबर काढा. ऑनलाइन डिटेक्शन नीट बसले आहे का, हे यातच कळते.

केबलवर ३०० आणि मोबाइलवर ६० येत असेल तर दोष वायफायचा. जांभ्या दगडाच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झची वायफाय लहर जेमतेम एक खोली ओलांडते. अशा घरात ताकदवान राउटर शोधत बसण्यापेक्षा माजघरात आणि माडीवर एकेक ॲक्सेस पॉइंट द्या, दोन्ही केबलने जोडून. बिनतारी रिपीटर बहुधा वेग निम्म्यावर आणतो.

लाइट गेली की दोन्ही बॉक्स, राउटर आणि ॲक्सेस पॉइंट, चारही चालू राहायला हवेत, नाहीतर दोन लाइन असूनही नेट बंद. मिनी यूपीएस घेताना प्रत्येक ॲडॉप्टरवरचे व्होल्टेज आणि अँपिअर वाचा. सगळे १२ व्होल्टचे असतीलच असे नाही, आणि चुकीचे व्होल्टेज दिले तर उपकरण जळते. वळवाचे ढग गडगडायला लागले की ॲडॉप्टर सॉकेटमधून काढून ठेवा. काचेच्या फायबरमधून वीज येत नाही, पण खांबावरच्या लाइनमधून सॉकेटपर्यंत येते, आणि बाहेरून तांब्याची लॅन केबल ओढली असेल तर तिच्यातूनही.