गळती एकीकडे, ओल दुसरीकडे: नळ-पाइपच्या दुरुस्तीत या चुका टाळा

खालच्या मजल्यावरचे शेजारी छताला ओल आल्याचं सांगून जातात आणि दुसऱ्या दिवशी वरच्या बाथरूमच्या टाइल्स फुटलेल्या असतात. घाई इथेच नडते. डाग जिथे दिसतो, त्याच्या बरोबर वर गळती असेलच असं नाही. टाइल्सखालच्या मालातून किंवा स्लॅबमधल्या विजेच्या पाइपातून पाणी चार-पाच फूट सरकतं आणि पंख्याच्या हुकापाशी ठिबकतं. (असं दिसलं तर आधी त्या खोलीची वीज मेन बोर्डावरून बंद करा, प्लंबर मागाहून.)

छन्नी लावण्याआधी एकच ठरवायचं: पाणी येणाऱ्या लाइनचं आहे की जाणाऱ्या? येणाऱ्या लाइनीत टाकीचा दाब रात्रंदिवस असतो, म्हणून घर बंद ठेवून गावाला गेलात तरी ठिबकणं सुरूच राहतं. सांडपाण्याची गळती अंघोळीच्या, कपड्यांच्या वेळेप्रमाणे कमीजास्त होते. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा. गच्चीवरचा त्या बाथरूमचा व्हॉल्व्ह एक दिवस बंद करा आणि पाणी बाहेरून आणून बादलीने अंघोळी करा. तरीही ठिबकत राहिलं तर येणाऱ्या पाण्याचा पाइप बहुधा निर्दोष. माझा पहिला संशय नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याच्या, जोडावर. डाग लगेच वाळेल ही अपेक्षा मात्र नको. स्लॅब सुकायला आठवडे लागतात, म्हणून रेघेबाहेर ओल सरकते का एवढंच बघायचं.

टाइल्सच्या फटीत व्हाइट सिमेंट भरून मोकळं होणं ही फार आवडती दुरुस्ती. पाइप फुटला असेल तर तिचा काडीचा उपयोग नाही.

संशय भिंतीतल्या पाइपवरच असेल तर प्रेशर टेस्ट करून घ्या. सगळी तोंडं प्लगने बंद करून हातपंपाने दाब देतात. पंपावरच्या दाबमापकाचा काटा उतरला की गळती आहे. पण गीझर आधी लाइनीतून काढायचा आणि गरम-गार पाण्याचे मिक्सर नळ बंद ठेवायचे, नाहीतर गरम-गार लाइन एक होते आणि गळती कोणत्या लाइनीत तेच कळत नाही.

आता हातच्या चुका. नळ ठिबकतोय म्हणून तो आवळत राहिलं की वायसर कापला जातो, आटे झिजतात. जुन्या फिरकीच्या नळात वायसर बदला. वायसर ज्यावर टेकतो ती नळातली सीटच खरवडली असेल तर नवा वायसरही टिकणार नाही. अर्ध्या फेरीत उघडणाऱ्या नळात कार्ट्रिज, म्हणजे आतला अख्खा फिरता भाग, बदलावं लागतं.

टेफलॉन टेप आट्याचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची, नाहीतर आवळताना ती सुटून येते. प्लास्टिकच्या फिटिंगमध्ये भाराभर टेप घालून पाना लावला तर फिटिंगच तडकतं. आणि वॉश बेसिनच्या कनेक्शन पाइपच्या नटात टेप घालूच नका. तिथे पाणी रबरी वायसर अडवतो.

सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाणीही चालणाऱ्या प्लास्टिक पाइपचा, जोड फसतो तो बहुतेकदा ओलाव्यामुळे. गच्चीवरचा व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, बारीक धार येत राहते आणि सोल्युशन (जोड चिकटवायचा द्रव) धरत नाही. त्याच लाइनवरचा खालचा एखादा नळ उघडा ठेवला की पाणी तिकडून निघून जातं. पाइप सरळ कापा, पुसून कोरडा करा, सोल्युशन सीपीव्हीसीचंच घ्या, पाव फेरी फिरवून बसवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. पाणी कधी सोडायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. प्लंबरला दुसरं काम आहे म्हणून ती वेळ कमी होत नाही.

सगळे नळ ठीक आणि तरी टाकी लवकर रिकामी होते? फ्लशच्या टाकीत थोडी नीळ टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात निळं पाणी उतरलं तर आतला रबरी सील गेलाय.

दुरुस्तीनंतर भिंत त्याच दिवशी बुजवू देऊ नका. रात्रभर दाब राहू द्या, सकाळी जोडाला टिश्यू पेपर लावून पाहा आणि पाइपशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. पुढे ड्रिल मारणाऱ्याला तो दाखवता येईल.