गोव्यात लोकरीचे विणकाम शिकताना: मफलर आणि कानटोपी

गोव्यात लोकर कशाला, असे विणकाम शिकू पाहणाऱ्याला घरात हमखास विचारले जाते. कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या जत्रांत देवळासमोर रात्रभर चालणारे नाटक उघड्यावर बसून ज्यांनी पाहिले आहे, किंवा जानेवारीतल्या पहाटे दुचाकीवरून चोर्ला घाटमार्गे बेळगाव गाठले आहे, त्यांना हा प्रश्न पडत नाही. आपली थंडी थोड्या दिवसांची आणि दवाची असते. तिला जाड स्वेटर लागत नाही, कान आणि गळा झाकणारे हलके काहीतरी पुरते. नवशिक्याच्या दृष्टीने ही सोयीची गोष्ट आहे, कारण मफलर आणि कानटोपी याच वस्तूंवर हात उत्तम बसतो.

मी शिकले ती शेजारच्या काकींकडे, आणि आता वाड्यावरच्या मुलींना शिकवते. या अनुभवातून माझे मत असे झाले आहे की नमुने पाठ करण्याआधी विणलेला भाग पाहून टाका ओळखता आला पाहिजे. सुलट टाका समोरून इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो, तर उलट टाक्याच्या ठिकाणी आडवी गाठ दिसते. एवढे डोळ्यांना कळू लागले की कितव्या ओळीवर आहोत, टाका कुठे सुटला आणि कुठे जादा झाला, हे कोणाला विचारावे लागत नाही.

सुरुवातीला मध्यम जाडीची, फिकट आणि एकरंगी लोकर घ्यावी. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारा धागा बहुधा अ‍ॅक्रिलिकचा असतो आणि आपल्या हवेत तो गैरसोयीचा नाही, कारण पावसाळ्यात कपाटात ठेवला तरी त्याला कसर लागत नाही. मफलरसाठी साधारण २०० ग्रॅम धागा लागतो. तो एकाच वेळी आणि वेष्टनावरचा लॉट क्रमांक (एकत्र रंगवलेल्या धाग्याचा क्रमांक) सारखा पाहून घ्यावा, नाहीतर रंगातला फरक गळ्यात घातल्यावर दिसतो. सुया ८ क्रमांकाच्या, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीच्या असाव्यात. या जुन्या पद्धतीत क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होते, हे दुकानात लक्षात ठेवावे. पोलादी सुया खाऱ्या हवेने गंजतात आणि गंजाचा डाग धाग्यावर उतरतो, म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा बांबूच्या सुया बऱ्या. घामट बोटांवर धागा अडकून टाके आवळले जातात, त्यामुळे दुपारच्या उकाड्यापेक्षा सकाळी किंवा संध्याकाळी बाल्कांवात, म्हणजे घराच्या दर्शनी ओसरीत, बसून विणलेले अधिक सारखे येते.

मफलरआधी नमुन्याचा तुकडा विणणे नवशिक्यांना कंटाळवाणे वाटते, पण हा टप्पा मी कोणालाही गाळू देत नाही. २८ टाके घालून सगळ्या ओळी सुलट विणाव्यात आणि तुकडा हातभर नव्हे, पण चांगला चौकोनी झाला की मधल्या १० सेंटीमीटरमध्ये किती टाके बसतात ते पट्टी ठेवून मोजावे. २० टाके बसले, तर १८ सेंटीमीटर रुंदीला ३६ टाके घालायचे. हाच हिशेब पुढे प्रत्येक वस्तूला लागू पडतो. दोन्ही बाजूंनी सुलट विणल्याने मफलर सपाट राहतो, तर एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट विणल्यास त्याच्या कडा गुंडाळल्या जातात. टाके घालताना एक क्रमांक जाड, म्हणजे ७ क्रमांकाची सुई वापरली तर पहिली कड आवळत नाही. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता सरकवला की कड नीटस येते, आणि नवा गोळा नेहमी ओळीच्या टोकाशी जोडावा. लांबी १५० सेंटीमीटर झाली की टाके सैल हाताने बंद करावेत. सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर आणता येतो. गोव्यात बऱ्याच घरांत आजीच्या काळापासून क्रोशाची सुई असतेच.

कानटोपीला ताण घेणारी वीण हवी, म्हणून दोन सुलट, दोन उलट विणावे. मोठ्या माणसाचे डोके साधारण ५६ सेंटीमीटर असते. वीण ताणली जाते, म्हणून ५० सेंटीमीटरचा हिशेब धरावा. १० सेंटीमीटरला २२ टाके येत असतील तर ११० टाके होतात. ही संख्या चारच्या पटीत दोन अधिक अशी आहे, त्यामुळे दोन्ही कडांना सुलट टाके येतात आणि शिवण त्यांत लपते. सुमारे २० सेंटीमीटर विणल्यावर आधी उलट जोड्यांचा एकेक टाका करावा, दोन-तीन ओळींनी सुलट जोड्यांचा, आणि शेवटी सर्वत्र दोन-दोन टाके एकत्र विणावेत. उरलेल्या टाक्यांतून धागा ओवून घट्ट ओढावा आणि त्याच धाग्याने पाठीमागची शिवण घालावी.

अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री कधीही फिरवू नये, कारण उष्णतेने वीण कायमची चपटी होते. धुतल्यावर न पिळता, टॉवेलात दाबून आडवे वाळवावे. दोरीवर टांगलेला ओला मफलर स्वतःच्या वजनाने लांबतो. मफलर आणि कानटोपी जमल्यावर दुचाकीसाठी बिनबोटांचे हातमोजे विणायला घ्यावेत, कारण ते म्हणजे त्याच विणीचा छोटा आयत, अंगठ्यापुरती जागा सोडून शिवलेला. पायमोजे मात्र चार सुयांवर गोल विणायला शिकल्यानंतरच हाती घ्यावेत.