नागपुरात स्किड स्टीअर लोडर निवडताना

स्किड स्टीअर लोडर (समोर बकेट असलेले, जागच्या जागी वळणारे माल उचलण्याचे छोटे यंत्र) घेताना अश्वशक्तीपेक्षा आधी उचलक्षमता तपासावी. चाकांच्या यंत्रात ती यंत्र कलंडवणाऱ्या भाराच्या 50 टक्के धरतात, आणि ओली रेती अधिक जड भरत असल्याने तीतही मोकळीक राखणे मला अत्यावश्यक वाटते. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत उंच ट्रक भरायचे असल्यास सरळ वर जाणारी भुजा घ्यावी, कारण ती पूर्ण उंचीवरही बकेट पुरेशी पुढे नेते. खोदकामाला कमानीत उचलणारी भुजा बरी. पावसाळ्यात काळ्या मातीत चाके रुततात, तेथे रबरी ट्रॅकचे, म्हणजे चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणारे यंत्र चालते, मात्र डांबरी रस्त्यावर ट्रॅक लवकर झिजतात. मे महिन्याच्या उन्हासाठी रेडिएटर सहज साफ करता येतो का, हे प्रत्यक्ष उघडून पाहावे. हिमालयात बर्फ हटवण्याचे कंत्राट असेल, तर बर्फ दूर फेकणाऱ्या मोठ्या स्नो ब्लोअरला अनेकदा जादा प्रवाहाचे हायड्रॉलिक्स (तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा) लागते. बर्फ ढकलणाऱ्या साध्या ब्लेडला ते लागत नाही.