व्हीलचेअर घेताना या चुका टाळा

"थोडी सैल असू दे, ऐसपैस बसता येईल" ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सीट रुंद असली की माणूस एका बाजूला कलतो, कणा वाकतो. चाकं धरायला हात फाकवावे लागल्याने खांदे दुखू लागतात ते वेगळंच. बसवून खुब्यांजवळचा सर्वांत रुंद भाग मोजा आणि त्यात फार तर २-३ सेंटीमीटर वाढवा. सीटची खोली मात्र पार्श्वभागाच्या मागच्या कडेपासून गुडघ्यामागपर्यंतच्या मापापेक्षा ३ ते ५ सेंटीमीटर कमीच हवी, नाहीतर कड गुडघ्यामागे रुतते.

खुर्ची आधी घ्यायची आणि थेरपिस्टला (फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टला) नंतर दाखवायची, हा क्रम उलटा आहे. तपासणी, मापं, निवड आणि मग बसवून जुळणी, असं व्हायला हवं. घरातल्या सर्वांत अरुंद दाराचं मापही सोबत न्या. हाताने चालवायच्या खुर्चीची एकूण रुंदी सीटपेक्षा साधारण २० सेंटीमीटरने जास्त भरते.

गादीचा विचार शेवटी करू नका. नंतर जाड गादी घातली की माणूस वर उचलला जातो, आर्मरेस्ट हातांना फार खाली राहतात, पाय लोंबकळतात आणि तो पुढे घसरतो. उलट फूटरेस्ट जास्त उंच राहिले तर मांड्या गादीवरून सुटतात आणि सगळा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. बेडसोअर, म्हणजे सततच्या दाबाने होणारी जखम, नेमका तिथेच होतो. थेरपिस्ट या हाडांखाली बोटं सरकवून पाहतात. बोटं सहज वरखाली हलली तर ठीक, दाबून अडकली तर गादी बदलायची. फूटरेस्ट जमिनीपासून किमान ५ सेंटीमीटर वर हवेत.

ब्रेक लावूनही खुर्ची सरकत असेल, तर ब्रेक आवळण्याआधी टायरमधली हवा बघा. हवा कमी असली की ब्रेक टायरला नीट टेकत नाही. चढावर खुर्ची मागे कलंडत असेल, तर मोठ्या चाकांचा आस बहुधा फार पुढे बसवलेला असतो. तो मागे घेतला की खुर्ची स्थिर होते, पण ढकलायला जड जाते. म्हणून हा बदल थेरपिस्टसमोरच करा.

नवी खुर्ची वापरायला लागल्यावर रोज पार्श्वभागाची त्वचा तपासा, संवेदना कमी असलेल्यांनी तर नक्कीच. भार हटवून अर्धा तास झाला तरी लाली जात नसेल, तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता थेरपिस्टला दाखवा.